शिक्का कोणाचा, दार कोणाचे

जुने मराठी राजपत्र पाहिले की दोन ठसे डोळ्यांत भरतात. एक शिक्का, दुसरे मोर्तब. कागद कोणाच्या अधिकाराने निघाला ते शिक्का सांगतो. मजकूर इथे संपला, यापुढे कोणी अक्षर घुसडू नये, हे मोर्तब बजावते. फारसी शिक्क्यांचा प्रघात असताना शिवाजी महाराजांनी संस्कृत शिक्का वापरला आणि तो 1646 च्या पत्रावर आढळतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यामानाने प्रधानांच्या शिक्क्यांकडे कमी लक्ष जाते. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव येते आणि त्याखाली पेशव्याचे, 'प्रधान' या पदासह. 1749 मध्ये सातारचे थोरले शाहू महाराज वारले आणि त्यानंतर रामराजे गादीवर आले, तेव्हा शिक्क्यातले वरचे नावही बदलले. सत्ता प्रत्यक्षात पुण्याला गेली होती, तरीही पेशव्याने धन्याचे नाव शिक्क्यातून काढले नाही आणि स्वतःचेही झाकले नाही. कागद घेणाऱ्या पाटलाला एका ठशात दोन्ही गोष्टी कळत: अधिकार कोणाचा आणि आपण ज्याच्याशी बोलतो आहोत तो कोण.

कोल्हापूरच्या मुलखात ही दुहेरी ओळख फार गरजेची होती. 1731 च्या वारणेच्या तहाने भोसले घराण्याच्या दोन गाद्या कायम झाल्या. वारणेच्या दोन्ही तीरांवर 'छत्रपती' हा एकच शब्द चालत असे. म्हणून नुसत्या पदवीने काम भागत नव्हते, नाव लागत होते. करवीर म्हणजे कोल्हापूरच्या गादीखालीही विशाळगडचे प्रतिनिधी, बावड्याचे अमात्य, कागलचे घाटगे असे जहागीरदार होते. कागलच्या रयतेला कागलची कचेरी जवळची, पण त्या कचेरीच्या वर करवीरची गादी. दार जवळचे, अधिकार वरचा; आणि दोन्ही नावे उघड.

आज हाच प्रश्न संगणकाच्या पडद्यावर पुन्हा उभा आहे. एखाद्या संस्थेची परीक्षा, ग्रंथालय, वसतिगृह अशी वेगवेगळी संकेतस्थळे असतात, प्रत्येकाचे डोमेन नाव निराळे. ब्राउझर 'कुकी' नावाची जी खूणचिठ्ठी ठेवतो ती त्या त्या डोमेनपुरती असते. एका दाराची चिठ्ठी दुसऱ्या दाराला दिसत नाही. म्हणून 'सिंगल साइन-ऑन'मध्ये सगळी दारे माणसाला एका मध्यवर्ती लॉगिन पानाकडे पाठवतात, तिथे पासवर्ड एकदाच तपासला जातो आणि माणूस आल्या दारी परततो. 2005 साली आलेल्या 'सॅमल 2.0' या प्रमाणाने ही देवाणघेवाण पक्की बसवून दिली. पण त्या मधल्या पानावर नाव कोणाचे असावे? ग्रंथालयातून आलेल्या विद्यार्थ्याला अनोळखी नावाचे, परक्या भाषेतले पान दिसले तर तो बिचकतो. न बिचकता पासवर्ड टाकण्याची सवय त्याला लागली तर ते जास्त वाईट. म्हणून ज्या दारातून माणूस आला त्या दाराचे नाव, चिन्ह आणि भाषा त्या पानावर असलीच पाहिजे, आणि त्याच्या वर पासवर्ड सांभाळणाऱ्या मूळ संस्थेचे नावही. मूळ संस्था पूर्ण लपवून फक्त दाराची पाटी रंगवणे मला चुकीचे वाटते. आपली गुप्त खूण कोणाच्या हाती जाते, हे कळणे माणसाचा हक्क आहे.

यावर जाणकारांचा आक्षेप असा: पान सगळीकडे अगदी एकसारखे ठेवा, म्हणजे लोकांना ते ओळखता येईल आणि बनावट पान पकडता येईल. आक्षेप वजनदार आहे, पण तो ठशाच्या रूपावर नको इतका विसंबतो. रूप तर कोणीही उतरवून घेतो. एकच पान सर्वत्र असले तर नक्कल करणाऱ्याला एकच साचा पुरतो. जुन्या दप्तरी कारभाराला हे पक्के माहीत होते. म्हणून तिथे कागद शिक्क्यावर सोडून देत नसत. तो दप्तरात नोंदला गेल्याची 'बार' ही खूण त्यावर करीत. खरेपणाचा आधार नोंद हा होता. लॉगिन पानालाही हाच नियम लागतो. कोणत्या दाराचे रूप दाखवायचे हे दुव्यात आलेल्या कोणत्याही नावावरून ठरवू नये. आधी नोंदवलेल्या डोमेनांच्या यादीत ते नाव असेल तरच दाखवावे, आणि माणसाला परत पाठवायचे तेही त्याच यादीतल्या पत्त्यावर. पाटी दिशा दाखवते. पुरावा म्हणजे ब्राउझरमधला पत्ता. पासवर्ड साठवून ठेवणारी साधनेसुद्धा पानाचा रंग पाहत नाहीत, पत्ताच जुळवतात.

दुसरा आक्षेप खर्चाचा. प्रत्येक दारासाठी वेगळे पान घडवायचे तर काम वाढते, हे खरे. पण वेगळे घडवायचे ते नाव, चिन्ह आणि भाषा एवढेच. पासवर्ड तपासणारे यंत्र एकच राहते. शिवाय 2014 मध्ये देवनागरीतले '.भारत' हे डोमेन खुले झाले, तेव्हापासून एकाच संस्थेची दोन लिप्यांतली दोन दारे असू शकतात. देवनागरी नाव यंत्राच्या पोटात रोमन सांकेतिक रूपात जाते, म्हणून नोंदीच्या यादीत ते रूपही लिहून ठेवावे लागते. नाहीतर मराठी दारातून आलेला माणूस नेमका परका ठरतो. मराठी पत्ता टाकून आलेल्याला इंग्रजी पानावर उभे करायचे असेल, तर मराठी पत्ता घेतला कशाला? कोल्हापुरातल्या ज्या संस्था आज आपली संकेतस्थळे नव्याने बांधत आहेत त्यांनी दोन कामे आधी करावीत: आपल्या सगळ्या दारांची नोंद लिहून काढावी, आणि प्रत्येक दाराच्या लॉगिन पानावर दोन्ही नावे मराठीत घालावीत.