रिसेप्शनच्या गाऊनचा माग

लग्न लागताना मामाने दिलेली पिवळी साडी आणि रात्री रिसेप्शनला घेरदार गाऊन. गोंदियाच्या मंगल कार्यालयांत आता एकाच नवरीच्या अंगावर हे दोन्ही दिसतं. गाऊन परका म्हणून नाक मुरडावं, असं मला वाटत नाही. त्याचा माग काढत गेलं की वाट आपल्याच जंगलात येऊन पोचते.

पांढऱ्या गाऊनची चाल पडली ती व्हिक्टोरिया राणीमुळे. १० फेब्रुवारी १८४० रोजी ती स्पिटलफील्ड्सचं रेशीम आणि डेव्हनच्या बायकांनी हाताने केलेली लेस लेवून लग्नाला उभी राहिली. १८५८ मध्ये चार्ल्स वर्थने पॅरिसला पेढी उघडली: मुलींच्या अंगावर कपडे दाखवायचे, गिऱ्हाइकाने निवडायचं, मग तिच्या मापाने शिवायचं. आजच्या आलिशान सलोनमधल्या ब्रायडल कलेक्शनची मूळ रीत हीच. पुढे १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात इंग्लंडमधल्या लीक गावच्या थॉमस वॉर्डल या रंगाऱ्याने भारतातलं टसर मांडलं. या हट्टी धाग्यावर रंग चढवण्यासाठी त्याने कित्येक वर्षं घालवली होती.

टसर म्हणजे आपला कोसा. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या रानात तो येनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर होतो. तुतीच्या रेशीमकिड्यासारखा तो घरात वाढत नाही. अळ्या उघड्यावर असतात, आणि पाखरं-मुंग्यांपासून त्या राखायला माणसाला झाडाखाली थांबावं लागतं. ढिवर समाजाने हे काम पिढ्यान् पिढ्या केलं. टणक कोसे सोडा घालून उकळायचे, मग बायकांनी उघड्या मांडीवर वळून धागा काढायचा. त्या घर्षणाने कातडी सोलवटते. आता रीलिंगची यंत्रं येत आहेत ती याच वेदनेपायी, आणि ती प्रत्येक गावात पोचायला हवीत.

या धाग्याचं सर्वांत देखणं रूप म्हणजे करवती काठाची साडी. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव त्यासाठी ओळखलं जातं. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत गोंदिया आणि आंधळगाव एकाच भंडारा जिल्ह्यात होते. अंग मधाळ कोशाचं, काठ रंगीत सुताचा. तीन धोटे चालतात, दोन काठांचे आणि एक मधला. जिथे काठ अंगाला भेटतो तिथे दोन्ही बाण्यांचे धागे एकमेकांत अडकवत करवतीचे दाते उठवले जातात. रामटेकच्या देवळांवरून ही नक्षी घेतली, असं सांगतात. जोड आहे, पण सुईचा टाका नाही.

आता वाट उलटीही फिरली आहे. जानेवारी २०२० मध्ये राहुल मिश्रा आणि जुलै २०२१ मध्ये विदिशात जन्मलेल्या वैशाली शडांगुळे पॅरिसच्या ओत कुत्यूर सप्ताहात पोचले. वैशालीताईंचं तर सगळं काम हातमागाच्या कापडावर उभं आहे. मग करवतीचा गाऊन का नको? अडचण कात्रीची आहे. गाऊन कापून घडतो, करवती मागावरच पूर्ण होते. कंबरेच्या बाकासाठी पट्टी कापली की दाते तुटतात, आणि राहतो तो नुसता रंगीत तुकडा. तयार साडी विकत आणून हे साधणार नाही. घेर किती, काठ कुठे वळवायचा, दाते कुठे संपवायचे, हे ताणा लावण्याआधी डिझायनरने विणणाऱ्या कोष्ट्याशेजारी बसून ठरवावं लागेल, आणि त्या बसण्याचे पैसे विणकरालाही मोजावे लागतील.