भोपळ्याच्या ठशाचे पूर्वज

ऑक्टोबर सरत आला की पिंपरी-चिंचवडच्या वाकड, पिंपळे सौदागर, मोशीकडच्या काही सोसायट्यांत नारिंगी-काळ्या पताका लागतात. मुलं चेटकिणीच्या टोप्या घालून दारोदार चॉकलेटं मागत फिरतात. एखाद्या घरी जेवणाच्या टेबलावर कार्डशीट, नक्षीचे कागद, ठसे आणि शाईचे पॅड पसरून हॅलोवीनची कार्डं बनत असतात. हे खूळ आलं कुठून, असं घरातलं वडीलधारं माणूस विचारतं आणि उत्तर मिळतं, अमेरिकेतून. सणापुरतं ते बरोबर आहे. टेबलावरची एकेक वस्तू उचलून तिचा माग काढला, तर मात्र तो बराचसा इथल्याच रस्त्यांवरून जातो.

आधी कागद. जुन्नर हे कागदाचं जुनं गाव. चिंध्यांचा आणि तागाचा लगदा करायचा, चाळणीवर ताव उचलायचा, वाळवून खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा, म्हणजे बोरू अडखळत नाही. जुन्नरहून पुण्याकडे येणारी वाट चाकणवरून येते. पुण्यात कसब्यातला कागदीपुरा आजही त्या कारागिरांच्या नावाने ओळखला जातो. गिरणीच्या कागदापुढे हा धंदा बसला. त्याला पुन्हा उभं करण्यासाठी गांधीजींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी 1940 मध्ये शिवाजीनगरला हातकागद संस्था सुरू केली. सुती चिंध्यांच्या जाड, खरबरीत कागदाची भेटकार्डं आणि लग्नपत्रिका पुणेकरांच्या हाती आल्या त्या तिथून.

नक्षीचा कागदही दख्खनला नवा नाही. पाण्यावर रंग तरंगवायचे, काडीने किंवा फणीने ढवळून त्यांच्या लाटा करायच्या आणि वर अलगद कागद टेकवून ती नक्षी उचलायची, ही अबरीची कला. इराण-तुर्कस्तानाकडून आलेली ही रीत सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी अशी काही आत्मसात केली की घोडा, हत्ती, फकीर यांची अंगंच त्यांनी अबरीत भरली. पुढे हा कागद बाइंडरांकडे गेला आणि वह्यांच्या पुठ्ठ्यांवर चिकटला.

आता ठसा. शिवकाळातल्या नि पेशवाईतल्या पत्रांत माथ्यावर शिक्का असे आणि शेवटी मोर्तब. मजकूर इथे संपला, यापुढे कोणी ओळ घुसडू नये, हे मोर्तब सांगे. म्हणजे ठसा हे हुकमाचं हत्यार. तो धातूचा होता तोवर मोजक्यांच्याच हाती राहिला. चार्ल्स गुडइयरने गंधक घालून रबर तापवण्याची रीत शोधली आणि 1844 मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्या रबराच्या दातांच्या कवळ्या बनू लागल्या आणि 1860च्या दशकात कवळ्यांच्याच भट्टीत अक्षरांचे साचे घालून पहिले रबरी शिक्के निघाले. ठसा स्वस्त झाला आणि राजाकडून कारकुनाकडे आला.

पिंपरी-चिंचवडला तो भेटला तो याच रूपात. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि मग आकुर्डी, भोसरी, चिंचवडपर्यंत शेडवर शेड उभी राहिली. चलनावर आवकचा शिक्का, गेटपासवर जावकचा, तपासलेल्या मालाच्या चिठ्ठीवर ‘ओके’चा, नाहीतर लाल शाईत ‘रिजेक्ट’चा. चाकणच्या पट्ट्यात तर ठसा अंगाने वाढला. तिथून निघणारे गाड्यांचे सुटे भाग तीन, पाच, सात प्लायच्या खोक्यांत जातात. त्या खोक्यावरचा बाण, छत्री आणि कंपनीचं नाव छापायला रबराचा किंवा पॉलिमरचा स्टिरिओ लागतो, म्हणजे रोलरवर गुंडाळलेला भलामोठा शिक्काच. खोक्याची घडी नीट बसावी म्हणून आधी क्रीझ पाडायची, नको तो भाग डायने पंच करायचा. टेबलावर कार्ड बनवणारीही तेच करते, फक्त हाताएवढ्या यंत्रावर.

भेटकार्डाची शाखा मात्र बाहेरची. 1843 मध्ये लंडनच्या हेन्री कोलने जॉन हॉर्सलीकडून नाताळचं कार्ड काढून घेतलं आणि ते छापून विकलं. हॅलोवीनचं कार्ड रुजलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत. 1907 पासून पोस्टकार्डाच्या मागच्या बाजूला पत्ता आणि मजकूर शेजारी शेजारी लिहिता येऊ लागला, पुढची बाजू चित्राला मोकळी झाली. एलन क्लॅपसॅडलने काढलेली गुबगुबीत मुलं आणि हसरे भोपळे गाजले. त्या काळची अशी पुष्कळ कार्डं छापून येत जर्मनीतून, कारण रंगीत शिळाछपाईत जर्मनांचा हात कोणी धरत नसे. 1914च्या महायुद्धाने तो पुरवठा तोडला.

हाताने कार्ड करण्याचा छंद अमेरिकेत 1980च्या दशकात फोफावला. फोटोंच्या वह्या सजवण्यासाठी बारा इंची नक्षीचे ताव निघाले, नुसत्या शिक्क्यांवर चालणाऱ्या कंपन्या निघाल्या. तो इथवर पोचला तेव्हा त्याला तयार जमीन मिळाली ती शाळेत. कार्यानुभवाच्या तासाला घोटीव कागद कापायचा, भेंडी आडवी चिरून रंगात बुडवायची, कागदावर पाचपाकळी फुलं उठवायची आणि त्याचं दिवाळीचं भेटकार्ड करून मामाला पाठवायचं, हे मराठी शाळेतल्या कित्येक पिढ्यांनी केलंय. पुण्याच्या बोहरी आळीतून पारदर्शक पॉलिमरचा भोपळा आणणाऱ्या बाईला ठसेकाम कोणी नव्याने शिकवावं लागत नाही.

शिकायची असते ती थोडीशी हातचलाखी. ठसा ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवायचा, पॅडवर हलके हलके टेकवायचा. घासला तर शाई कडांवर साचते आणि भोपळ्याचे दात भरून जातात. कागदावर सरळ खाली दाबायचा, डुलवायचा नाही, उचलतानाही सरळच. शाई ओली असतानाच एम्बॉसिंग पावडर भुरभुरायची, जादाची झटकायची आणि हीट गन धरायची. क्षणभर काहीच होत नाही, मग पावडर वितळत जाते आणि रेघ चकचकीत होऊन वर फुगते.

एवढं करूनही एखादा भोपळा तिरका उठतो, एखाद्या वटवाघळाचा पंख फिका राहतो. कारखान्यात असा स्टिरिओ सरकला तर अख्खा लॉट बाजूला काढतात, कारण तिथे पहिलं खोकं आणि दहा हजारावं खोकं एकसारखंच निघायला हवं. शिक्का असो की स्टिरिओ, ठसा जन्माला आला तो सारखेपणासाठी. त्याच ठशाने एकाच माणसासाठी एकच कार्ड करायचं, हा छंदाने त्याला दिलेला उलटा धर्म आहे. दिवसभर मायक्रोमीटर धरणाऱ्या गावाला त्याची ओढ वाटावी, हे साहजिक आहे.

म्हणून हॅलोवीनवर फार रागवायचं कारण नाही आणि त्याचं फार कौतुकही नको. 2024 मध्ये 31 ऑक्टोबरला नरकचतुर्दशी आली, तेव्हा एकाच टेबलावर भोपळा आणि पणती, दोन्ही ठसे निघाले असतील. सण भाडेकरू आहेत, कला घरमालकीण. उद्या हा भाडेकरू गेला तर त्याचा भोपळा डब्यात पडून राहील. कागद, शाई आणि ठोकळा पुढच्या सणाला लगेच कामाला लागतील.