वाइन गंधचक्र

वाइनमधले गंध ओळखून त्यांना नेमकी नावे देता यावीत यासाठी तयार केलेला वर्तुळाकार तक्ता. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधक ॲन नोबल यांनी सहकाऱ्यांसह तो १९८४ मध्ये मांडला. सुधारित रूप १९८७ मध्ये आले. चक्राला तीन कडी आहेत. आतल्या कड्यात फळे, फुले, मसाले, माती, लाकूड असे ढोबळ गट, मधल्यात त्यांचे पोटभेद, तर बाहेरच्यात लवंग, मिरी, ढोबळी मिरची, लोणी अशी थेट हुंगता येतील अशा वस्तूंची नावे येतात. ‘डौलदार’, ‘भारदस्त’ ही विशेषणे मुद्दाम वगळली आहेत. त्यांतून चाखणाऱ्याची आवड कळते, पेल्यात काय आहे ते कळत नाही.

नुसता तक्ता पाठ करून नाक तयार होत नाही. त्यासाठी फारसा गंध नसलेल्या साध्या वाइनच्या पेल्यांत लवंग, ढोबळ्या मिरचीचा तुकडा, व्हॅनिला इसेन्सचे थेंब, सोया सॉस असे एकेक घालून पेले झाकून ठेवतात. शिकणारा ते हुंगतो, नाव सांगतो, चुकतो, पुन्हा हुंगतो. वास ओळखीचा वाटतो पण नाव आठवत नाही, ही अडचण नवख्यांपासून जाणत्यांपर्यंत सगळ्यांची. त्यावर उपाय सरावाचाच. फ्रान्समधील झां लन्वार यांची ५४ गंधकुप्यांची ‘ल ने द्यु व्हँ’ ही पेटी (१९८१) याच कामाची, मात्र महाग. स्वयंपाकघरातल्या डब्यांवरही बरेच भागते.

ही नावे केवळ कल्पनेचे खेळ नव्हेत. काबेर्ने सोव्हिन्याँमधला ढोबळ्या मिरचीचा वास मेथॉक्सिपायरझीन गटातील संयुगांमुळे येतो. लिटरमागे काही नॅनोग्रॅमही नाकाला पुरतात. द्राक्ष पिकत जाते तसे त्यांचे प्रमाण घटते. लोण्याचा वास डायअॅसिटिलचा. मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करणाऱ्या जिवाणूंकडून ते तयार होते. ओकच्या पिंपातून व्हॅनिलिन उतरते. भिजक्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बहुधा दोष बुचाचा असतो. शिराझमधला मिरीचा गंध रोटंडोन या संयुगाचा असल्याचे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. त्याच चाचण्यांत सुमारे एक पंचमांश लोकांना तो मुळीच जाणवला नाही. अशा नाकापुढे सराव हतबल ठरतो.

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोमधील प्रयोगात पांढऱ्या वाइनला गंधहीन लाल रंग दिला होता. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. हा प्रयोग चाखणाऱ्यांची टिंगल करण्यासाठी फार वापरला जातो, ते अन्यायाचे आहे; डोळा नाकाच्या आधी निकाल देतो, एवढेच त्यातून दिसते. म्हणून काटेकोर चाचणीत काळे पेले वापरतात. मिश्रणातले तीन-चार गंधच माणसाला वेगळे ओळखता येतात, असेही प्रयोग सांगतात. तेव्हा डझनभर फळे मोजणारे बाटलीवरचे वर्णन जरा सबुरीनेच वाचावे.

बाहेरच्या कड्यातली ब्लॅककरंटसारखी काही फळे महाराष्ट्रात सहसा मिळत नाहीत. परंतु नाशिक परिसरात पिकणाऱ्या सोव्हिन्याँ ब्लाँ या द्राक्षाच्या वाइनमध्ये काही गंधकयुक्त संयुगे असतात आणि त्यांचा वास पिकलेल्या पेरूशी जुळतो. इथल्या शिकणाऱ्याने नमुन्याच्या पेल्यात पेरूची फोड घालावी.