हरळीचे व्यवस्थापन: शेतात नको, धुऱ्यावर हवी

हरळी (आपल्याकडे हराळी, शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन) हे बहुवर्षायू गवत आहे. लोहा-कंधार भागात सोयाबीन, कापूस आणि हळदीच्या पिकात ते डोकेदुखी ठरते. त्याच शेताच्या धुऱ्यावर मात्र ते माती धरून ठेवते. म्हणून हरळी सरसकट संपवायला निघू नका. ती कुठे राहू द्यायची आणि कुठे येऊ द्यायची नाही, हे आधी ठरवा.

ती हटत का नाही?

हरळी जमिनीवर धावणाऱ्या खोडांनी, जमिनीखालील काशांनी आणि काही प्रमाणात बियांनी पसरते. काशीच्या प्रत्येक पेऱ्यावर डोळा असतो. एका पेऱ्याचा तुकडासुद्धा ओल मिळताच फुटतो. बहुतेक काशा वरच्या 15 ते 20 सेंमी थरात असतात, काही त्याखालीही जातात. खुरपणीने वरचा पाला निघतो, पण काशांमधला अन्नसाठा तसाच राहतो. त्यामुळे थोड्याच दिवसांत रान पुन्हा हिरवे दिसते.

सर्वांत महागात पडणारी चूक

हरळीच्या रानात ओल असताना रोटाव्हेटर फिरवू नका. एका काशीचे दहा तुकडे होतात आणि ते शेतभर पसरतात. त्या दिवशी रान स्वच्छ दिसते, पण पाऊस पडला की कोपऱ्यातली हरळी सगळीकडे उगवलेली दिसते. भाड्याचे अवजार दुसऱ्याच्या हरळीच्या रानातून येत असेल, तर पाती आणि फाळ यांत अडकलेल्या काशा आधी काढून घ्या.

शेतातील हरळी कशी कमी कराल?

1. हरभरा किंवा ज्वारी निघाल्यावर मार्च-एप्रिलमध्ये कोरड्या रानात खोल नांगरट करा. ढेकळे लगेच फोडू नका. काशा उघड्या पडून उन्हात वाळल्या पाहिजेत.
2. 15 ते 20 दिवसांनी वखराची पाळी द्या. वर आलेल्या काशा वेचून बाहेर काढा. मेअखेरपर्यंत अशा दोन-तीन पाळ्या द्या.
3. वेचलेल्या काशा ओल्या असताना उकिरड्यात टाकू नका; शेणखताबरोबर त्या परत शेतात येतात. खडकावर किंवा कडक जागेवर पसरून, हातात मोडतील इतक्या वाळू द्या.
4. हरळीला सावली सोसत नाही. खरिपात त्या तुकड्यात ताग दाट पेरा आणि फुलोऱ्यावर येताना गाडा. पीक घ्यायचेच असेल तर लवकर जमीन झाकणारे घ्या आणि नांग्या पडू देऊ नका.
5. हळदीसाठी असा तुकडा निवडू नका. हळदीचे कंद आणि काशा एकाच थरात वाढतात. उभ्या पिकात काशा उपटायला गेलात, तर कंद उघडे पडतात.

एका उन्हाळ्यात हरळी पूर्ण जात नाही. दोन-तीन वर्षे सातत्य ठेवा.

तणनाशकाबाबत

सोयाबीनमध्ये गवतवर्गीय तणांसाठी वापरले जाणारे क्विझालोफॉप इथाइल हरळीची वाढ रोखते, पण जुन्या काशा त्याने संपतीलच असे नाही. ग्लायफोसेट काशांपर्यंत पोचते, मात्र पिकावर उडाले तर पीकही जाते. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये त्याच्या वापरावर निर्बंधांची अधिसूचना काढली होती. म्हणून सध्याचे नियम कृषी सहाय्यकांकडून समजून घ्या आणि लेबलवर ज्या पिकाचा उल्लेख आहे, त्यातच औषध वापरा.

धुऱ्यावर मात्र राखा

जूनच्या पहिल्या जोरदार पावसात उतारावरची माती वाहते. उघडा धुरा आधी फुटतो. हरळीची मुळे आणि काशा धुऱ्याची माती बांधून ठेवतात, पाण्याचा वेग कमी करतात. तिचा हिरवा चारा जनावरे आवडीने खातात, त्यामुळे लाल कंधारी गाय किंवा शेळ्या असलेल्या घराला धुऱ्यावरची कापणी उपयोगी पडते. गणेशोत्सवात दूर्वा म्हणून तिला मागणी असते. पण फवारणी झालेल्या धुऱ्यावरची हरळी जनावरांना घालू नका, दूर्वा म्हणूनही विकू नका.

हद्द कशी सांभाळाल?

धुरा आणि पिकाची पहिली ओळ यांमध्ये दीड-दोन फूट पट्टा मोकळा ठेवा. पावसाळ्यात दर 15 दिवसांनी त्यावर वखर किंवा कुदळ चालवून आत येणारी खोडे तोडा आणि उचलून घ्या. परसबागेत वाफ्याभोवती फावड्याच्या पात्याएवढा खोल चर काढून तो साफ ठेवा. हरळी धुऱ्यावरून आत येते तेव्हा पहिल्या महिन्यात एक-दोन धावती खोडेच असतात. ती हाताने निघतात. दिवाळीपर्यंत थांबलात, तर नांगर लागतो.