रेडिओ ते मोबाईल : अंदाज जिल्ह्याचा, पाऊस शिवाराचा

हवामान खात्याचा शेतीसाठीचा विभाग पुण्यात १९३२ साली सुरू झाला. १९४५ पासून रेडिओवर शेतकऱ्यांसाठी हवामानाची बातमी येऊ लागली. २०१९ ला ‘मेघदूत’ ॲप आलं अन् मंगळवार-शुक्रवारचा पीकसल्ला मराठीतून खिशात आला.

पण सल्ला जिल्ह्याचा, पाऊस शिवाराचा. आता तर एका बांधावर धो-धो, पलीकडे धुरळा. मागं एकदा मोबाईलवर ढग बघून पेरलं, दुबार पेरणी गळ्यात पडली. चूक माझीच. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतोच. तो मोजायला आपल्याच रानात पर्जन्यमापक लावा. अंदाज मोबाईलवर बघा, चाड्यावर मूठ मात्र ओल बघूनच धरा.