कानसेनांचा मुलूख

1905 साली नारायण श्रीपाद राजहंस हा सतरा वर्षांचा मुलगा मिरजेला आला तो कानाच्या दुखण्यावर इलाज करून घ्यायला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला तिथल्या दवाखान्यात पाठवले होते. किर्लोस्कर नाटक मंडळीचा मुक्काम तेव्हा मिरजेतच होता. मुलाचा गळा ऐकून मंडळीने त्याला आपल्यात घेतले आणि ‘शाकुंतला’त शकुंतला म्हणून तो मिरजेच्याच रंगमंचावर पहिल्यांदा उभा राहिला. पुढची तीन दशके महाराष्ट्र ज्या बालगंधर्वांच्या नावाने वेडा झाला, त्यांचा आरंभ हा असा झाला.

या घटनेकडे बालगंधर्वांच्या बाजूने पुष्कळांनी पाहिले आहे. पण समोर बसलेल्या प्रेक्षकाची बाजूही तितकीच मोलाची आहे. कृष्णाकाठचा हा प्रेक्षक नवशिका नव्हता. 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांपुढे ‘सीता स्वयंवर’ केले. तेव्हापासून साठ वर्षे या मुलखाचा कान तयार होत आला होता.

सांगलीजवळचे हरिपूर हे गोविंद बल्लाळ देवलांचे गाव. त्यांचे ‘संगीत शारदा’ 1899 साली रंगभूमीवर आले. ‘मानापमान’ (1911) आणि ‘स्वयंवर’ (1916) लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर जन्माने सांगलीकर. संगीत नाटकाची ही मोठी संहिता अशी एका तालुक्याच्या परिसरातून आली. म्हणूनच इथल्या माणसाला नाटक कंपनी परकी वाटत नसे. कंपनीचा मुक्काम पडला की गावात दुसरा विषय उरत नसे. कुणाचा गळा कसा लागला, कुठल्या पदाला किती ‘वन्समोअर’ मिळाले, पहाटे नाटक संपताना आवाज उतरला होता की नव्हता, याचा हिशोब पारावर आणि दुकानांच्या फळ्यांवर बसून होई.

आजच्या तरुणाला आपला आवडता बँड असतो, तसे त्या काळच्या रसिकाला आपली मंडळी असे. गंधर्व नाटक मंडळी (1913) मानणारा एक पक्ष, केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शला मानणारा दुसरा आणि 1918 नंतर दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत संगीत मंडळीचा तिसरा. बालगंधर्वांचे चाहते त्यांच्या लडिवाळ, भावाने ओथंबलेल्या गाण्यावर लुब्ध होते. केशवरावांचे चाहते त्यांच्या चढ्या, भरदार आवाजावर. दीनानाथांचे चाहते त्यांच्या झपाट्याच्या, अनपेक्षित वळणे घेणाऱ्या तानांवर. नुसत्या आवडीवर हे थांबले नाही. पुरुषांच्या डोक्यावर गंधर्व टोपी आली आणि बालगंधर्वांनी रंगमंचावर नेसलेले लुगडे, माळलेला गजरा घराघरांतल्या बायकांनी उचलला.

यांपैकी पहिल्या दोन पक्षांची सर्वांत मोठी गाठ पडली ती 8 जुलै 1921 रोजी मुंबईत. टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी आणि शब्द सांगलीच्या खाडिलकरांचे. एरवी एकमेकांशी वाद घालणारे चाहते त्या रात्री एकाच नाट्यगृहात बसले. पुढच्या तीनच महिन्यांत, 4 ऑक्टोबरला, केशवराव गेले. त्यामुळे त्या प्रयोगाची आठवण ज्यांनी तो पाहिला त्यांनी जन्मभर जपली आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांनी ऐकीव गोष्टींवर ती आणखी वाढवली.

नाटकाबरोबर इथे ख्यालही रुजला. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (1849–1926) मिरज संस्थानाच्या आश्रयाला होते. कुरुंदवाडचा विष्णू दिगंबर पलुसकर हा मुलगा फटाक्याच्या अपघातात डोळ्यांना इजा होऊन मिरजेला आला. शाळेचे शिक्षण अवघड झाले, तेव्हा मिरजेच्या अधिपतींनी त्याला बुवांकडे गाणे शिकायला पाठवले. गायकाला लोक ऐकतात खरे, पण मान देत नाहीत, ही सल पलुसकरांच्या मनात याच काळात बसली. 1896 मध्ये मिरज सोडून औंध, सातारा, बडोदा असे गात ते निघाले. काठेवाडात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली आणि 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले. दरबारात बसणाऱ्या मोजक्या श्रोत्यांच्या जागी तिकीट काढून येणारा सामान्य श्रोता आणण्याचे हे काम कृष्णाकाठी वाढलेल्या माणसाने केले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मिरजेला आणखी एक लाभ होता, तो रेल्वेचा. 1891 साली कोल्हापूरचा फाटा सुरू झाला आणि पुणे, हुबळी, कोल्हापूर या तिन्ही दिशांची गाडी इथे बदलू लागली. मुंबई-पुण्याहून धारवाडकडे जाणारा कलावंत मिरजेवरूनच जाई. वाटेत उतरावे, बैठक करावी, तंबोरा दाखवून घ्यावा आणि पुढची गाडी धरावी, हा परिपाठ पडला.

किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ मात्र या गावात उतरले ते कायमचे. 1872 साली उत्तर प्रदेशातल्या कैराना गावी जन्मलेले खाँसाहेब बडोद्याहून ताराबाई माने यांच्यासह निघाले आणि मुंबईमार्गे इकडे आले. मिरजेत ते प्लेगने आजारी पडले, ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायले आणि बरे झाले, अशी श्रद्धा तिथे आजही आहे. त्यांची आणि ताराबाईंची मुलगी हिराबाई 1905 साली मिरजेत जन्मली. तीच पुढे हिराबाई बडोदेकर म्हणून तिकिटाचे जाहीर जलसे करणाऱ्या पहिल्या गायिकांपैकी एक झाली. 27 ऑक्टोबर 1937 रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगापेरुमाळकोईल स्टेशनवर खाँसाहेबांचे निधन झाले. त्यांना आणले मिरजेला आणि दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले.

त्यांच्या मागे मिरजेच्या रसिकांनी जे केले, ते या लेखाच्या केंद्रस्थानी आहे. दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा सुरू झाली आणि ती चालत राहिली. उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, आणि रात्री आवारातल्या चिंचेखाली किराणा, ग्वाल्हेर, जयपूर घराण्यांचे गायक-वादक हजेरी लावतात. तिकीट नसते. गवई मानधनासाठी येत नाही, आपली सेवा रुजू करायला येतो. मिरजेच्या अंबाबाईच्या देवळात नवरात्रात असाच संगीत महोत्सव भरतो, आणि दोन्हीकडे येणारा श्रोता बऱ्याच अंशी एकच असतो. पिशवीत शाल आणि पाण्याची बाटली घेऊन तो जमिनीवर बसतो. गाणे रंगले तर पहाटेपर्यंत हलत नाही आणि रंगले नाही तर खोटी दाद देत नाही.

असा श्रोता जिथे असतो तिथे कारागीरही टिकतो. मिरजेतले शिकलगार पूर्वी हत्यारे घडवत, त्यांना धार लावत. कंपनी सरकारच्या काळात तलवारीला गिऱ्हाईक उरले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब आणि मोहिनुद्दीन या बंधूंनी तोच हात सतार-तंबोऱ्याकडे वळवला. मिरजेच्या पटवर्धनांनी आश्रय दिला आणि पुढे सतारमेकर हेच घराण्यांचे आडनाव झाले.

भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. ते वाळवून, कापून, भिजवून आकारात आणायचे, त्यांना लाकडी गळा आणि दांडी जोडायची, तबली बसवायची, खुंट्या घालायच्या. सर्वांत नाजूक काम घोडीचे. तिचा माथा कानसीने कणाकणाने घासत जवारी काढायची आणि तारेखाली दोरा सरकवून आवाज उघडायचा. यात मोजपट्टी चालत नाही, फक्त कान चालतो. अब्दुल करीम खाँ स्वतः वाद्यांची दुरुस्ती जाणत आणि तंबोरा जुळवण्यात तासन् तास घालवत. अशा गिऱ्हाइकाला पसंत पडेल असा तंबोरा करणे ही या कारागिरांची कसोटी होती. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनात कारागिराच्या हाताइतकाच या गिऱ्हाइकांच्या कानाचा वाटा आहे.

साताऱ्याच्या अंगाने पाहिले तर अशीच ओढ औंधला दिसते. संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. त्या छोट्या गावात 1940 साली गायनाचार्य अंतुबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या पुण्यतिथीला संगीत महोत्सव सुरू केला. पुढे त्यांचे चिरंजीव, गायक आणि व्हायोलिनवादक गजाननबुवा जोशी, यांनी तो वाढवला आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने जपला. अश्विन वद्य पंचमीला मुंबई-पुण्याचे रसिक एसटीने, गाड्यांनी औंधला पोहोचतात आणि माणदेशाच्या कडेच्या या गावात रात्रभर गाणे ऐकतात. आठ दशकांहून जुनी ही रीत केवळ माणसांच्या ओढीवर उभी आहे.

रागदारी आणि नाट्यगीत ही या मुलखाची अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी गावोगावच्या जत्रांत घडली. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (1866–1945) जातीचे आणि घराचे पाश तोडून तमाशात शिरले आणि पठ्ठे बापूराव झाले. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी तमाशाचे लोकनाट्य करून ते कामगार वस्त्यांत नेले. कवलापूरच्या जुळ्या भावांनी, लहू आणि अंकुश खाडे यांनी, काळू-बाळू या नावाने फड उभा केला. त्यांच्या ‘जहरी प्याला’ या वगासाठी माणसे बैलगाड्या जुंपून दहा-दहा कोसांवरून येत. यात्रा कमिटीने सुपारी कुणाला द्यायची यावरून गावात दोन तट पडत. एका तटाला काळू-बाळूच हवे असत, दुसऱ्याला दुसरा फड. गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम प्रेक्षकाला पाठ असे आणि बतावणी ढिली पडली तर तो तिथल्या तिथे ऐकवी.

वाईच्या यमुनाबाई वाईकरांनी (1915–2018) बैठकीची लावणी शास्त्रीय गाण्याच्या तोलाने गायली. 2012 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्याच्या कितीतरी आधी दर्दी माणसांनी त्यांना दौलतजादा करून आणि मान तुकवून मोठे मानले होते. या रसिकतेच्या दुसऱ्या बाजूचा उल्लेख टाळता येणार नाही. लावणीवर पैसे उधळणाऱ्या समाजाने ती गाणाऱ्या कोल्हाटी बाईला मात्र उंबऱ्याबाहेर ठेवले. तमाशाला शिट्ट्या मारून वाहवा करणाऱ्यांनी फडातल्या महार-मांग कलावंताला पंगतीत जागा दिली नाही. इथल्या कानसेनांचा गौरव करताना हे कर्ज मान्य केलेच पाहिजे.

ग्रामोफोन आला आणि रसिकाला कंपनीच्या मुक्कामाची वाट पाहण्याची गरज उरली नाही. अब्दुल करीम खाँच्या झिंझोटीच्या आणि भैरवीच्या तबकड्या घराघरांत वाजू लागल्या. गदगच्या भीमसेन जोशी नावाच्या मुलाने खाँसाहेबांची तबकडी दुकानात ऐकली आणि गाण्यासाठी घर सोडले. पुढे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे तो शिकला. बोलपट आला तसे नाटक कंपन्यांचे तंबू उठले. सांगलीला मुक्काम असलेल्या दीनानाथांनीही चित्रपट काढून पाहिले. रसिक मात्र उठला नाही. त्याने तबकडीवरून रेडिओवर, रेडिओवरून कॅसेटवर आपली आवड हलवली आणि उरुसाला, नवरात्राला, पंचमीला तो पुन्हा जमिनीवर येऊन बसला.

कलावंतांची चरित्रे लिहिली गेली. श्रोत्याचा इतिहास त्या मानाने विखुरलेला आहे. तो पेटाऱ्यात आहे, माळ्यावर आहे, आजोबांच्या वहीत आहे. नाटकांच्या जाहिराती, पदांच्या छापील पुस्तिका, जत्रेची हँडबिले, हाताने उतरवून घेतलेली पदे, उरुसात कुणी काय गायले याच्या तारीखवार नोंदी, चिरा गेलेल्या तबकड्या. सातारा-सांगलीच्या ज्या घरांत असे काही असेल, त्यांनी ते रद्दीत घालू नये. त्यावर वर्ष आणि गाव लिहून ठेवावे, फोटो काढावेत आणि जवळच्या ग्रंथालयाला किंवा संग्रहालयाला एक प्रत द्यावी. आणि ज्यांच्या घरी अजून कुणी जुने नाटकवेडे, तमाशाचे शौकीन किंवा दर्ग्याच्या सभेला नेमाने जाणारे आहेत, त्यांनी त्यांना बोलते करून ते सारे आजच ध्वनिमुद्रित करावे.