माहेर महोब्याचे, राज्य गढ्याचे

राणी दुर्गावती म्हटले की जबलपूरकरांच्या डोळ्यांसमोर हत्तीवर बसलेली वीरांगना उभी राहते. २४ जून १५६४ रोजी नर्रई नाल्याजवळ, बाण लागून घायाळ झाल्यावर, शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा तिने स्वतःच्या हाताने मरण पत्करले. या एका दिवसाच्या तेजापुढे तिच्या सुमारे पंधरा वर्षांच्या राज्यकारभाराकडे मात्र आपले दुर्लक्ष झाले आहे.

दुर्गावती ही महोब्याच्या चंदेलांची कन्या. चंदेलांचे कूळ थोर, पण वैभव ओसरलेले. गढ्याचे गोंड राजे मुलखाने व द्रव्याने संपन्न, पण राजपुतांच्या लेखी कुळाने उणे. परिस्थिती खालावल्यामुळेच पित्याने ही सोयरीक केली, असे अकबराचा इतिहासकार अबुल फझल नमूद करतो. लोककथांनी या विवाहाची प्रेमकहाणी केली, हा भाग निराळा. राजघराण्यांतल्या सोयरिकींमागे असा हिशेब सर्वत्रच असे. इंग्लंडच्या जॉन राजाची कन्या जोन वेल्सच्या लिवेलिनला दिलेली होती. १२११ मध्ये पतीचा पराभव होऊ लागला तेव्हा बापाकडे तहाची बोलणी करण्यास तीच गेली. दुर्गावतीच्या वाट्याला मध्यस्थी नव्हे, राज्यच आले.

दलपतशाह निवर्तला तेव्हा पुत्र वीरनारायण अवघा पाच वर्षांचा होता. दुर्गावतीने त्याला गादीवर बसविले आणि अधार कायस्थ व मान ब्राह्मण यांच्या साहाय्याने सत्ता स्वतःच्या हाती घेतली. राजाराम महाराजांच्या निधनानंतर १७०० मध्ये मोहित्यांच्या कन्येने, ताराबाईंनी, हेच केले. परघरातून आलेल्या स्त्रीची आज्ञा गोंड सरदारांनी का मानावी? याचे उत्तर तिच्या कारभारात सापडते. अबुल फझलच्या म्हणण्याप्रमाणे राज्यातल्या तेवीस हजार गावांपैकी बारा हजारांवर तिचे स्वतःचे शिकदार होते. उरलेली गावे मांडलिक सरदारांकडे होती. ज्याच्या धन्याने तिच्यावर सैन्य धाडले त्याच इतिहासकाराची ही साक्ष असल्यामुळे तिचे मोल अधिक. माळव्याच्या बाजबहादुरासही तिने पिटाळून लावले होते.

आपल्या शहरात तिच्या कारभाराची खूण पाण्याच्या रूपाने राहिली आहे. राणीताल राणीने, चेरीताल तिच्या दासीने आणि अधारताल दिवाण अधाराने बांधला, अशी परंपरा आहे. काळ्या खडकाच्या या भूमीत पावसाचे पाणी अडवून ठेवणे हेही राज्य राखण्याचेच काम होते. ‘अधारताल’ हा शब्द आपण रोज उच्चारतो, पण त्यात एका दिवाणाचे नाव आहे हे किती जणांच्या लक्षात येते?

राणीच्या मृत्यूनंतर चौरागडही पडला आणि तेथे वीरनारायण मारला गेला. विजयी आसफखानाच्या हाती एक हजार हत्ती लागले. बादशहाकडे त्याने त्यांतले दोनशेच पाठविले. पुढे अकबराने दलपतशाहाचा भाऊ चंद्रशाह यास गादी दिली, ती दहा गढ काढून घेऊनच.